सुटा सेल खिशात नको : वेपच्या बॅटरीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बॅटऱ्यांवर लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं की वेपचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटचा, सुटा सेल खिशात ठेवू नका, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच देतेय. सुरुवातीलाच सांगते, वेप ओढणं तब्येतीला वाईटच आहे, निकोटिनची सवय लागली की सहजी सुटत नाही, आणि काही देशांत तर या वस्तूंवर सरळ बंदीच आहे. पण जे ओढतात त्यांच्या मांड्या भाजाव्यात, बोटं जावीत असं मला अजिबात वाटत नाही, म्हणून बॅटरीपुरतं बोलू. माझं कामच बॅटरी पॅक जोडायचं आणि दुरुस्त करायचं आहे त्यामुळे हे सेल मी रोज हातात घेते.

ताई, मी तीन वर्षं एक्स्ट्रा सेल पॅंटच्या खिशात ठेवतोय, किल्ल्या पण त्याच खिशात असतात, आजपर्यंत काहीच झालं नाही. तुम्ही उगाच घाबरवताय असं नाही वाटत का?

नाही वाटत, आणि का ते नीट सांगते कारण बाकीच्या सगळ्या उत्तरांचं मूळ इथेच आहे.

तुमचा सेल बहुतेक १८६५० असणार, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. हल्ली २१७०० पण चालतात, ते २१ जाड आणि ७० लांब. आता तो सेल उभा धरा आणि वरून बघा. मधे एक छोटी टोपी दिसेल, ती प्लस. मायनस कुठे आहे विचारलं की सगळे खालचा चपटा भाग दाखवतात, आणि गडबड इथेच होते. खालचा भाग मायनस आहेच, पण बाजूची पूर्ण नळी पण मायनस आहे, आणि ती नळी वर येऊन टोपीच्या भोवती आतल्या बाजूला वळवलेली असते. म्हणजे टोपीच्या चारी बाजूंनी जी गोल कड आहे ती पण मायनस! प्लस आणि मायनसमधे तिथे जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं अंतर, आणि त्यांना वेगळं ठेवतं कोण तर एक पातळ गोल चकती आणि वरून चढवलेला रंगीत प्लास्टिकचा रॅप. बस, एवढंच.

तुमच्या किल्लीचं टोक टोपीला टेकलं आणि तीच किल्ली रॅप खरचटलेल्या जागी कडेला टेकली की झालं काम, सेल शॉर्ट. एकदा माझ्याच टेबलावर रॅप कापलेला एक सेल घरंगळत जाऊन स्टीलच्या पट्टीला आडवा टेकला होता, मी हात पुढे करून उचलेपर्यंत पट्टीला हात लावता येत नव्हता इतकी ती तापलेली, नशीब की तो टेबलावर होता आणि मला दिसत होता. खिशात दिसत नाही. आणि खिशात तो मांडीला लागून असतो, कापडात गुंडाळलेला, पटकन बाहेर काढता येत नाही.

तीन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ किल्ली अजून नेमक्या जागी टेकली नाही, इतकाच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मधे एक अहवाल काढला होता, २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांचा, त्यात १९५ घटना मोजल्या होत्या आणि त्यातल्या ६१ वेळा वेप किंवा सुटा सेल खिशात होता. ओढत असताना झालेल्या घटनाही जवळपास तेवढ्याच, ६०. म्हणजे तोंडाशी जितका धोका तितकाच खिशात.

उपाय अगदी साधा आहे म्हणूनच जास्त वाईट वाटतं. प्लास्टिकची कडक डबी मिळते, एका सेलची, दोन सेलची, त्यात ठेवा आणि ती डबी बॅगेत टाका. सिलिकॉनचं कव्हर पण चालतं. डबी विसरलात तर त्या दिवशी एक्स्ट्रा सेल नेऊच नका.

रॅपला वरच्या बाजूला छोटासा टवका उडालाय, नखाएवढा पण नाही. सेलोटेप लावली तर चालेल का?

वरच्या बाजूला म्हणताय तर अजिबात नाही. मधे कुठे टवका असता तरी मी नवीन रॅपच चढवा म्हणाले असते, पण वरच्या कडेला टवका म्हणजे ज्या जागेबद्दल मी आत्ता बोलले तीच जागा उघडी पडलीय. सेलोटेप तापली की तिचा गोंद सुटतो, ती सरकते, आणि मॉडमधे, म्हणजे वेपच्या सेल घालायच्या धडात, सेल आत-बाहेर करताना सोलून निघते, ते तुम्हाला कळतही नाही.

रॅप वेगळे विकत मिळतात, १८६५० चे वेगळे आणि २१७०० चे वेगळे, त्यासोबत टोपीभोवतीची पांढरी चकती पण मिळते. जुना रॅप नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोलायचा, ब्लेड लावायचं नाही. चकती फाटली असेल तर नवीन बसवायची आणि ती बसवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नवीन रॅप चढवून दोन्ही टोकांना सारखा बाहेर ठेवायचा आणि हेअर ड्रायरने गोल फिरवत गरम हवा द्यायची, तो आवळून बसतो. जास्त वेळ एकाच जागी हवा द्यायची नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

रॅप काढल्यावर मात्र नळी नीट बघा. पोचा असेल, गंज असेल, टोपीजवळ काही गळाल्यासारखं किंवा गोडसर उग्र वास येत असेल तर नवा रॅप चढवू नका, सेल बाद करा. आत अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामधे केसापेक्षा बारीक प्लास्टिकचा पडदा असतो, बाहेरून पोचा दिसतोय म्हणजे आत तो पडदा दबलाय, कदाचित फाटलाय, ते बघायला आत जाता येत नाही.

मित्राने त्याचा मेक मॉड दिलाय, कॉइल (रस तापवणारी तार) ०.१२ ओहमची आहे. सेलवर ४० अँपिअर लिहिलंय. सेफ आहे ना?

नाही. आणि तू वयाने लहान वाटतोयस म्हणून अरेतुरे करतेय, रागावू नकोस पण हे शेवटपर्यंत वाच.

मेक मॉड म्हणजे एक धातूची नळी, एक बटण आणि सेल. आत कुठलंही सर्किट नाही. साध्या रेग्युलेटेड मॉडमधे एक चिप असते, ती कॉइल शॉर्ट आहे का बघते, सेल फार उतरला की बंद पडते, सेल उलटा घातला तर बऱ्याच मॉडमधे काही होऊ देत नाही. मेक मॉडमधे हे सगळं तुझ्या डोक्याने करायचं असतं, आणि डोकं दमलेलं असतं तेव्हा कोणी करत नाही.

हिशोब शाळेतलाच आहे, व्होल्ट भागिले ओहम. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा. ४.२ भागिले ०.१२ म्हणजे ३५ अँपिअर. आता तू म्हणशील सेलवर ४० लिहिलंय. ते ४० बहुतेक पल्सचं असतं, म्हणजे क्षणभरासाठी, आणि तेही रॅप छापणाऱ्याने स्वतः ठरवलेलं. बघायचा तो आकडा सलग करंटचा, आणि तो चांगल्यातल्या चांगल्या १८६५० मधे बहुतेक २० ते २५ च्या आसपास असतो. उदाहरण म्हणून, सॅमसंगचा २५आर हा खूप वापरला गेलेला सेल, कंपनीने त्याला २५०० एमएएच (म्हणजे त्यात किती वीज मावते तो आकडा) आणि २० अँपिअर दिलंय. त्या सेलमधून तू ३५ ओढणार! बटण अडकलं, किंवा खिशात दाबलं गेलं, तर ते ३५ थांबतच नाही.

अजून एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. काही मेक मॉडमधे टँक, म्हणजे रस आणि कॉइल असलेला वरचा भाग, डायरेक्ट सेलवर बसतो, मधे काही नसतं, त्याला हायब्रिड म्हणतात. टँकच्या खालची मधली पिन बाहेर आलेली हवी, चांगली ठळक बाहेर. ती पिन आत दबलेली असेल तर टँकचा आट्यांचा भाग सेलच्या टोपीला आणि त्या मायनसच्या कडेला एकाच वेळी टेकतो आणि बटण न दाबता सेल शॉर्ट होतो, बंद नळीच्या आत. नळीला गॅस जायला भोकं नसतील किंवा बुजली असतील तर मग ती नळी राहत नाही. २०१८ मधे फ्लोरिडात आणि २०१९ मधे टेक्सासमधे वेप फुटून दोन माणसं गेली, आगीने नाही, उडालेल्या तुकड्यांनी, एकाच्या डोक्यात घुसले आणि दुसऱ्याची मानेची धमनी कापली गेली.

मित्राला मॉड परत दे. भीड वाटत असेल तर हे पान त्यालाही वाचायला दे.

ऑनलाइन ९९०० एमएएचचे १८६५० घेतले, स्वस्तात पडले, पण लवकर उतरतात. का?

कारण ते ९९०० नाहीतच. १८६५० च्या नळीत साधारण ३५००-३६०० च्या फार वर काही मावत नाही, ९९०० तर कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही. वजनकाट्यावर ठेवून बघा, खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा भरतो, खोटे पुष्कळदा त्याच्या कितीतरी कमी भरतात कारण आत छोटा सेल आणि बाकी भरताड असतं. वापरू नका, परत पण विकू नका.

आणि ज्यांना खरे सेल घ्यायचेत त्यांनी एक समजून घ्या की एमएएच जास्त पाहिजे आणि अँपिअर पण जास्त पाहिजे असं दोन्ही एकाच सेलमधे सहसा मिळत नाही. जास्त वेळ टिकणारा सेल कमी करंट देतो. वेपला अँपिअर आधी बघायचे, टिकणं नंतर.

माझ्या मॉडमधे दोन सेल लागतात. एक जुना आहे आणि एक नवा घेतला. चार्जरमधे दोन्ही फुल दाखवतो, मग प्रॉब्लेम काय?

फुल म्हणजे दोघं ४.२ व्होल्टला आले, पण दोघांत माल किती भरलाय ते वेगळंच. जुन्याची कपॅसिटी कमी झालेली असते, त्याच्या आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो. मॉडमधे दोन्ही एकामागोमाग जोडलेले असतील तर दोघांतून सारखाच करंट जातो, जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला ओढत नेतो, अगदी शून्याच्या खाली उलट्या दिशेने सुद्धा. अडीच व्होल्टच्या खूप खाली गेलेल्या सेलमधे आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुढच्या वेळी चार्ज करताना ते नको तिथे परत जमतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणून फार खाली गेलेला सेल युक्त्या करून परत जिवंत करू नका, मेलाय तो.

दोन नवे सेल एकाच वेळी, एकाच मॉडेलचे घ्या. मार्करने दोघांवर क १ आणि क २ लिहा. त्या दिवसापासून ते जोडीनेच मॉडमधे जातील, जोडीनेच चार्ज होतील आणि जोडीनेच बाद होतील, आणि टॉर्चमधे सेल हवाय म्हणून त्यातला एक काढायचा नाही. दर चार्जला मॉडमधली त्यांची जागा बदला. मी स्वतः वर्षभर जोरात वापरलेली जोडी बाजूला काढते, ती अजून चालत असली तरी.

रेग्युलेटेड मॉडवाल्यांचा अजून एक गैरसमज असतो की कॉइल जास्त ओहमची लावली म्हणजे सेलवर लोड कमी. चिपवाल्या मॉडमधे सेलला फक्त वॉट कळतात. ८० वॉट एका सेलवर चालवले आणि सेल ३.२ व्होल्टला उतरलेला असेल तर २५ अँपिअर झाले, चिपमधे वाया जाणारं धरलं तर २७-२८. म्हणजे सेल जितका उतरलेला तितका त्याच्यावर जास्त ताण. तेच ८० वॉट दोन सेलवर अर्धे अर्धे वाटले जातात. एका सेलच्या मॉडवर मी पन्नासच्या वर जाऊ नका म्हणेन.

रात्री फोनच्या फास्ट चार्जरला लावून झोपतो, सकाळी फुल. ठीक ना?

झोपताना नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या मघाच्याच अहवालात ४८ घटना चार्जिंग चालू असतानाच्या आहेत आणि झोपलेल्या माणसाला धूर कळायला वेळ लागतो, आणि बहुतेकांचा चार्जर उशीजवळच असतो. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाचा, सल्ला पण असाच आहे, वेपसोबत आलेलाच चार्जर वापरा, फोनचा किंवा टॅबलेटचा नको, आणि रात्रभर लावून ठेवू नका.

सेल काढता येत असतील तर मॉडच्या केबलपेक्षा वेगळ्या चांगल्या चार्जरमधे चार्ज करणं बरं, एका सेलला अर्धा ते एक अँपिअर पुरे, हळू चार्ज झाला तर सेल थंड राहतो आणि जास्त जगतो. खाली फरशी किंवा काच असू दे, गादी, सोफा, कागदांचा गठ्ठा नको. चार्ज होताना सेल कोमट लागला तर ठीक, धरवत नसेल इतका गरम झाला तर काढा आणि परत लावू नका. कडाक्याच्या थंडीतून आत आणलेला सेल लगेच चार्जला लावायचा नाही, शून्य अंशाच्या खाली चार्ज केला की आत लिथियम धातूच्या रूपात जमतं. उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचा नाही.

मुलाच्या कप्प्यात चार-पाच वापरून संपलेल्या डिस्पोजेबल वेप मिळाल्या. एक उघडून त्याला वायर जोडून चार्ज करायचा प्रयत्न केलेला दिसतो. मी खूप घाबरलेय, ताई.

घाबरणं साहजिक आहे, आधी ती उघडलेली वेप घराबाहेर मोकळ्या जागी, मातीच्या कुंडीत वगैरे ठेवा, तारा एकमेकींना लागू देऊ नका.

मुलाला असं का सुचलं ते मला कळतं कारण त्यात तथ्य आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी २०२३ मधे दाखवलं की या फेकून द्यायच्या वेपमधली बॅटरी शेकडो वेळा चार्ज होऊ शकते इतकी चांगली असते. ब्रिटनमधे जून २०२५ पासून त्यांच्यावर बंदी आली, त्यामागे हा कचरा हे एक मोठं कारण होतं. पण बॅटरी चांगली असली तरी ज्या वेपला चार्जिंगचं पोर्टच नाही तिच्यात चार्जिंग थांबवणारं सर्किट नसतं. त्याने डायरेक्ट ५ व्होल्टच्या वायरी लावल्या असतील तर ४.२ ला कोणी थांबवत नाही, ती भरतच राहते, फुगते आणि मग पेटते. हे त्याला तुम्ही ओरडून सांगण्यापेक्षा शांतपणे सांगा, असं उघडून बघणारं डोकं हुशार असतं, त्याला कारण कळलं की तो थांबेल. ओढण्याबद्दल वेगळं बोला, त्याच दिवशी नको.

बाकीच्या वेप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत त्या दाबल्या जातात आणि आत आग लागते. बॅटरी किंवा ई-कचरा जिथे घेतात तिथेच द्या. सुटे सेल द्यायचे असतील तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून द्या.

विमानात?

हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे कधीच नाही, आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने २०१५ पासून तसं बंधन घातलंय. सुटे सेल डबीत. मॉड बंद करून, बऱ्याच मॉडला बटण पाच वेळा दाबलं की बंद होतो. विमानात चार्ज करायचा नाही. उतरणार त्या देशात चालतं का ते आधी बघा.

समजा खिशातच सेल तापायला लागला, फुस्स आवाज आला, तर नेमकं काय करायचं? कोणीच सांगत नाही.

बरोबर आहे, तुम्हाला वेळ फार कमी असतो. एका ३००० एमएएचच्या सेलमधे जेवढी वीज भरलेली असते तेवढ्यात अर्धा कप पाणी उकळेल, आणि सेल पेटला की आतलं द्रव जळतं त्याची उष्णता वेगळीच.

हात खिशात घालू नका. सगळ्यांना हीच सवय असते, आणि मांडीसोबत हात पण भाजतो. पॅंट खाली ओढा, काढून लांब फेका, कोण बघतंय याचा विचार करू नका. हातात मॉड असेल तर तोंडापासून लांब करून मोकळ्या जागी टाका आणि मागे व्हा. धूर ओढू नका, त्यात विषारी गॅस असतात, खोलीत असाल तर बाहेर पडा. लांबून भरपूर पाणी ओता, इतका छोटा सेल पाण्याने थंड करता येतो, आणि विझल्यासारखा वाटला तरी तो परत पेटू शकतो म्हणून तासभर उचलू नका. आग पसरली तर अग्निशमन दल, स्वतः हिरो व्हायचं नाही.

भाजलं असेल तर त्यावरचे कपडे काढा, कातडीला चिकटलेलं मात्र ओढू नका, आणि वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा, बर्फ नको, टूथपेस्ट नको. मग दवाखान्यात. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा की लिथियमची बॅटरी फुटून भाजलंय, कारण हे नुसतं आगीचं भाजणं नसतं, सेलमधलं रसायनही कातडीवर बसलेलं असतं आणि ते डॉक्टरांना तपासून धुवावं लागतं, तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना वरून ते दिसेलच असं नाही.